टेबलाच्या या बाजूची खुर्ची

"सही आजच करायला हवी का हो, ताई?"

आईनं हे मला मराठीत विचारलं, अगदी हळू. न्यू जर्सीतल्या एका सरकारी शाळेतली बैठकीची खोली. टेबलाच्या पलीकडे सहा जणी: शाळेच्या मानसशास्त्रज्ञ, शिकण्यातल्या अडचणी तपासणाऱ्या तज्ज्ञ, समाजसेविका, स्पीच थेरपिस्ट, बालवर्गाच्या शिक्षिका आणि विशेष शिक्षिका. अलीकडे आई, नाशिकहून सहा महिन्यांसाठी आलेल्या आजी आणि दुभाषी म्हणून मी. मध्ये बावीस पानांचा मसुदा. शेवटच्या पानावर सहीच्या जागेला पिवळी चिकटपट्टी आधीच लावलेली.

दुभाष्यानं स्वतः उत्तर द्यायचं नसतं. खोलीत जे बोललं जातं ते सगळं दोन्ही भाषांत सगळ्यांना ऐकू गेलं पाहिजे, हा नियम. म्हणून मी तो हळू विचारलेला प्रश्न मोठ्यानं इंग्रजीत केला. क्षणभर शांतता पसरली. मग मानसशास्त्रज्ञ बाई म्हणाल्या, "नाही, नाही. घरी न्या, वाचा, वेळ घ्या."

हे कुणाचं औदार्य नव्हतं. त्या आईला तो वेळ कायद्यानं दिलेला होता. पण प्रश्न विचारेपर्यंत तो तिला कुणी सांगितला नव्हता. तिच्या घरी एक इंग्रजी पुस्तिका मात्र आलेली होती, पालकांच्या हक्कांची. ती विजेच्या बिलांबरोबर ड्रॉवरमध्ये पडून होती.

त्या मसुद्याला अमेरिकेत आयईपी म्हणतात. एका मुलासाठी आखलेली त्याची एकट्याची शिक्षणयोजना. मूल आज कुठे आहे, वर्षभरात कुठवर जायचं, त्यासाठी शाळा आठवड्याला किती मिनिटं, कोणाकडून आणि कुठे मदत देणार, आणि प्रगती कशी मोजणार, हे सगळं त्यात लिहावं लागतं. लिहिलं की शाळा त्याला बांधील होते. ही योजना जे पथक तयार करतं त्यात कोण कोण असावं याची यादी कायद्यात आहे आणि त्या यादीत पहिलं नाव पालकांचं आहे. मुख्याध्यापकांचं नाही, तज्ज्ञांचंही नाही. पालक त्या बैठकीला पाहुणे म्हणून येत नाहीत. ते पथकाचे सभासद असतात.

ही जागा कुणी आपणहून देऊ केली नव्हती. 1970 च्या आसपास अमेरिकेतल्या अनेक राज्यांत शाळेला मूल नाकारण्याची कायदेशीर मुभा होती. पेनसिल्व्हेनियात पहिलीच्या सुरुवातीला ज्या मुलाचं ‘मानसिक वय’ पाच वर्षांचं झालेलं नसेल त्याला प्रवेश नाकारता येत असे. तिथल्या मतिमंद मुलांच्या पालकांच्या संघटनेनं 1971 मध्ये राज्याविरुद्ध दावा लावला. त्यांचे वकील थॉमस गिलहूल यांचा स्वतःचा भाऊ पेनहर्स्ट नावाच्या संस्थेत राहिलेला होता. राज्यानं समझोता केला: प्रत्येक मुलाला शिक्षण, आणि मुलाची जागा बदलण्याआधी पालकांना सूचना व म्हणणं मांडायची संधी. पाठोपाठ 1972 मध्ये राजधानी वॉशिंग्टनमधल्या सात मुलांच्या वतीनं लढलेल्या मिल्स खटल्याचा निकाल लागला. शिक्षण मंडळाचं म्हणणं होतं, पैसे नाहीत. न्यायालयानं सांगितलं की पैसे कमी असतील तर ती झळ सगळ्यांनी सोसायची. अपंग मुलांनाच तेवढं शाळेबाहेर ठेवून पैसे वाचवायचे नाहीत.

या दोन निकालांच्या पायावर 29 नोव्हेंबर 1975 रोजी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या सहीनं केंद्रीय कायदा झाला. त्या कायद्यातच नोंद आहे की देशात ऐंशी लाखांहून अधिक अपंग मुलं आहेत, निम्म्याहून अधिकांना योग्य शिक्षण मिळत नाही आणि दहा लाख मुलं सरकारी शाळांतून पूर्णपणे वगळलेली आहेत. पुढे 1990 मध्ये या कायद्याचं नाव बदललं आणि आज तो ‘आयडिया’ या आद्याक्षरांनी ओळखला जातो. 2022–23 या वर्षात त्याखाली सेवा घेणारी मुलं सुमारे पंचाहत्तर लाख होती, म्हणजे सरकारी शाळांतल्या दर शंभरांतली पंधरा. त्यात आयटीवाल्या मराठी कुटुंबांतली मुलंही आली. व्हिसा कोणता, हे शाळा विचारत नाही, आणि या सेवांना पैसेही पडत नाहीत. पुण्याहून वर्षापूर्वी आलेल्या जोडप्याला हे सांगितलं की ते दोनदा विचारून खात्री करून घेतात.

पण हक्क नेमका कोणाचा? मुलाचा, असं आपण चटकन म्हणू. ओहायोतल्या विंकलमन कुटुंबामुळे हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. मुलगा ऑटिस्टिक होता. शाळेनं दिलेली योजना आईवडिलांना पटली नव्हती आणि वकील परवडत नव्हता. म्हणून त्यांनी स्वतःच केंद्रीय न्यायालयात दाद मागितली. खालच्या न्यायालयानं सांगितलं, हक्क मुलाचा आहे आणि तुम्ही वकील नाही, तेव्हा मुलाच्या वतीनं तुम्हाला उभं राहता येणार नाही. 21 मे 2007 रोजी सर्वोच्च न्यायालयानं हे फिरवलं. न्यायमूर्ती केनेडी यांच्या निकालाचा गाभा असा की आपल्या मुलाला योग्य आणि मोफत शिक्षण मिळणं हा पालकांचा स्वतःचाही हक्क आहे. तो त्यांना मुलाकडून उसना मिळालेला नाही, म्हणून ते तो स्वतःच्या नावानं मागू शकतात.

मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. आपल्याकडचे पालक शाळेत जातात ते विनंतीचा सूर लावूनच. बाई शिकलेल्या, साहेब मोठे, आपण काय बोलणार! अमेरिकेत येऊन वीस वर्षं झालेली, कंपनीत पन्नास माणसं हाताखाली असलेली माणसंसुद्धा या टेबलापाशी बसली की माना डोलावू लागतात. मूल आपलं आहे आणि त्याच्यात काही ‘कमी’ निघालं याची एक शरम त्या डोलावण्यात असते. नातेवाइकांना कळवलेलंही नसतं. त्या खुर्चीत बसताना पहिल्यांदा ही शरम उतरवून ठेवायला हवी, कारण ती अंगावर असली की माणूस कागद वाचत नाही.

आणि कागद वाचणं फार महत्त्वाचं आहे, कारण हा सगळा कारभार कागदावर चालतो. मुलाची तपासणी व्हावी असं पालकांना वाटलं तर तोंडी सांगून भागत नाही. तारीख घालून लेखी मागणी द्यावी. न्यू जर्सीत तशी मागणी पोचल्यापासून वीस दिवसांत शाळेला बैठक घ्यावी लागते. पालकांच्या लेखी संमतीशिवाय पहिली तपासणी होत नाही. संमती दिल्यावर तपासणी, पात्रतेचा निर्णय आणि योजना लागू करणं हे सगळं तिथे नव्वद दिवसांत आटोपायचं असतं. तपासणीचे अहवाल पात्रतेच्या बैठकीआधी किमान दहा दिवस पालकांच्या हातात पडले पाहिजेत. शाळेनं पालकांची एखादी मागणी फेटाळली तर का फेटाळली, कशाच्या आधारावर, आणखी कोणते पर्याय पाहिले, हे लेखी कळवणं बंधनकारक आहे. "आमच्या जिल्ह्यात असं देत नाहीत" हे वाक्य बैठकीत अनेकदा ऐकू येतं. त्यावर शांतपणे "हे मला लेखी द्या" एवढंच म्हणावं. लिहायची वेळ आली की तेच वाक्य बऱ्याचदा बदलतं.

आता त्या बावीस पानांकडे परत येते. तिसऱ्या पानावर मुलाच्या सद्यःस्थितीत लिहिलं होतं: स्वतःहून काही मागत नाही, तहान, भूक, शौच व्यक्त करत नाही. मी ते मराठीत सांगितलं, आणि आतापर्यंत पदर सावरत गप्प बसलेल्या आजी एकदम बोलल्या.

"मागत नाही कसा? दिवसातून दहा वेळा ‘पाणी दे’ म्हणतो. पाण्याची बाटली माझ्या मांडीवर आणून ठेवतो. ‘शू’ म्हणतो. ‘नको’ तर काय, सारखंच."

आईबाबा दोघं नोकरीला. शाळा सुटल्यापासून सात वाजेपर्यंत पोर आजीपाशी. मुलाची भाषा आजीची भाषा होती. वर्गात त्यानं ‘पाणी’ म्हटलं असेलही, कोणाला कळणार? मदतनीस बाईंना तो कसलासा आवाज वाटला असणार. तपासणी पूर्ण इंग्रजीत झाली होती आणि घरातली भाषा या रकान्यात कोणीतरी ‘हिंदी’ लिहून ठेवलं होतं.

1970 मध्ये कॅलिफोर्नियात नऊ मेक्सिकन-अमेरिकन मुलांच्या वतीनं असाच खटला झाला होता. घरी स्पॅनिश बोलणाऱ्या त्या मुलांची बुद्धिमापन चाचणी इंग्रजीत घेऊन त्यांना मतिमंदांच्या वर्गात बसवलं होतं. त्यांच्या भाषेत पुन्हा चाचणी घेतल्यावर त्यांतली बहुतेक त्या वर्गातली नव्हतीच असं निघालं. आज केंद्रीय कायदा सांगतो की मूल ज्या भाषेत नीट व्यक्त होतं त्या भाषेत तपासणी करावी, केवळ इंग्रजी कच्ची म्हणून मुलाला अपंग ठरवू नये, आणि पालकांनी दिलेली माहिती तपासणीत विचारात घ्यावी. पालकांना इंग्रजी येत नसेल तर बैठकीत दुभाषी देण्याची जबाबदारी शाळेची, खर्चही शाळेचा. त्या आईला इंग्रजी छान येत होतं. तरी तिनं दुभाषी मागितली होती, ती आजींसाठी. मुलाला जवळून ओळखणारं कोणीही माणूस पालक बैठकीला आणू शकतात, अशी तरतूद कायद्यात आहे. आजी, शेजारी, आधीच्या शाळेतली बाई, कोणीही. वकिली भाषेच्या शेकडो पानांत हे वाक्य मला सगळ्यात माणसांचं वाटतं.

याच टेबलाशी आणखी एक सल्ला कधी कधी कानावर येतो: घरी फक्त इंग्रजी बोला, दोन भाषांनी मूल गोंधळतं. तो मनावर घेऊ नये. दोन भाषांमुळे ऑटिस्टिक मुलांच्या भाषेची वाढ मागे पडते असं अभ्यासांत आढळलेलं नाही. उलट आईनं परक्या भाषेत, जपून, तुटकतुटक बोलायला लागावं यात मुलाचं काय भलं होणार? मी अशी घरं पाहिली आहेत जिथं आजी नातवाशी बोलायचीच थांबली. अशा एका सल्ल्याच्या आदराखातर.

तपासणीच पटली नाही तर काय करायचं, याचं उत्तर कायद्यात आहे आणि ते फार थोड्या पालकांना ठाऊक असतं. शाळेच्या खर्चानं बाहेरच्या स्वतंत्र तज्ज्ञाकडून पुन्हा तपासणी मागता येते. शाळेपुढे मग दोनच वाटा उरतात: पैसे भरणं, नाहीतर आपली तपासणी योग्य होती हे सुनावणीत सिद्ध करायला स्वतः अर्ज करणं. गप्प बसून राहण्याची वाट बंद आहे.

‘योग्य’ शिक्षण म्हणजे किती, याचा वाद मात्र पस्तीस वर्षं चालला. न्यूयॉर्क राज्यात पिकस्किल गावाजवळच्या शाळेत एक कर्णबधिर मुलगी पहिलीत शिकत होती. आईवडीलही कर्णबधिर. त्यांनी वर्गात सांकेतिक भाषेचा दुभाषी मागितला. मुलगी ओठ वाचून, हुशारीच्या बळावर पास होत होती. पण वर्गातलं जवळजवळ चाळीस टक्के बोलणं तिच्यापर्यंत पोचतच नव्हतं. सर्वोच्च न्यायालयात तिची बाजू मायकेल शॅटॉफ या कर्णबधिर वकिलांनी मांडली. न्यायमूर्तींचे प्रश्न त्यांच्यापुढच्या पडद्यावर अक्षरांत उमटत होते. 1982 मध्ये कुटुंब हरलं. वरच्या वर्गात जाते आहे, काही लाभ होतो आहे, तेवढं पुरे, असं बहुमतानं ठरलं. पण त्याच निकालात न्यायालयानं सांगितलं की शिक्षण किती द्यावं याइतकाच संसदेचा भर पालकांना प्रत्येक पायरीवर सहभागी करून घेण्यावर आहे. हरलेल्या त्या आईवडिलांनी पुढच्या सगळ्या पालकांची खुर्ची अशी पक्की केली.

‘काही लाभ’ याचा अर्थ मात्र पुढे काही न्यायालयांनी आक्रसत नेला. ‘शून्यापेक्षा जरा जास्त’ एवढ्यावर गोष्ट आली. कोलोरॅडोमधल्या एका ऑटिस्टिक मुलाच्या आईवडिलांच्या लक्षात आलं की दर वर्षीच्या योजनेत तीच ती उद्दिष्टं उतरवली जाताहेत. मूल अडकून पडलं आहे आणि कागद नवे होताहेत. त्यांनी त्याला चौथीनंतर खासगी शाळेत घातलं, तिथे तो पुढे सरकू लागला, आणि मग ते भरपाईसाठी लढले. 22 मार्च 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं सांगितलं की योजना अशी हवी की त्या मुलाची परिस्थिती पाहता त्याची साजेशी प्रगती व्हावी. शून्यापेक्षा जरा जास्त हे शिक्षण नव्हे. हा एन्ड्रू एफ. खटला. त्यातून घरच्या टेबलावर करण्यासारखी एक गोष्ट निघते. मागच्या वर्षीची योजना आणि यंदाची शेजारी शेजारी ठेवायची आणि उद्दिष्टं ओळीनं ताडून पाहायची. "80 टक्के अचूकतेनं 20 शब्द वाचेल" हे दोन्हीकडे तसंच असेल तर बैठकीतला पहिला प्रश्न ठरलाच.

भांडणाची वेळ आली तर मध्यस्थी आहे, राज्याकडे लेखी तक्रार आहे, आणि ‘ड्यू प्रोसेस’ नावाची न्यायालयासारखी सुनावणी आहे. सुनावणी चालू असेपर्यंत मुलाच्या चालू सेवा आणि जागा शाळेला बदलता येत नाहीत. हे कवच फार मोठं आहे. पण इथे पैशाचा प्रश्न येतो, आणि तो लपवू नये. जिंकलं तर वकिलाची फी परत मिळू शकते, साक्षीला आणलेल्या तज्ज्ञांची नाही, असं 2006 मध्ये ठरलं. ज्याच्यापाशी पैसा आणि वेळ आहे त्याचं मूल या कायद्यातून जास्त मिळवतं. दोन पाळ्यांत काम करणाऱ्या आईला दुपारी दोनची बैठक गाठता येत नाही. कायदा सांगतो की वेळ शाळा आणि पालक दोघांच्या सोयीची हवी, फोनवरूनही सहभागी होता येतं. पण ते मागायचं तर आधी माहीत हवं. प्रत्येक राज्यात केंद्राच्या पैशावर चालणारं, मोफत मदत देणारं किमान एक पालक केंद्र आहे. न्यू जर्सीत ते काम स्पॅन ही संस्था करते. तिथे फोन करावा. माझ्या अनुभवात पहिल्या फोननं निम्मी भीती जाते.

राज्याराज्यांतले फरकही जाणून घ्यावेत. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की सुनावणीत सिद्ध करण्याचा भार जो दाद मागतो त्याच्यावर, म्हणजे बहुधा पालकांवर. न्यू जर्सीनं 2008 मध्ये स्वतःचा कायदा करून तो भार शाळेवर टाकला. पण त्याच राज्यात एक सापळाही आहे. पहिली योजना पालकांच्या लेखी संमतीशिवाय लागू होत नाही, हे खरं. पुढच्या वर्षांत मात्र बदलाची सूचना हाती आल्यावर पालकांनी पंधरा दिवसांत मध्यस्थी किंवा सुनावणी मागितली नाही तर बदल लागू होतो, सही असो वा नसो. गप्प राहणं म्हणजे नकार, अशी आपली समजूत असते. इथे गप्प राहणं म्हणजे होकार.

महाराष्ट्रातल्या पालकांचा प्रश्न मला नेहमी येतो: आमच्याकडे असं काही आहे का? आहे, पण त्याचा आकार वेगळा आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार सरकारी, अनुदानित आणि मान्यताप्राप्त शाळांनी मुलाला भेदभावाविना प्रवेश द्यायचा, त्याच्या गरजेप्रमाणे सोयी करायच्या, त्याच्या प्रगतीवर लक्ष ठेवायचं. 40 टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण. जिल्हा शिक्षण कार्यालयात प्रवेशाच्या तक्रारींसाठी समन्वय अधिकारी असावा असं 2017 चे नियम सांगतात, आणि त्याहून वर जायचं तर पुण्याला दिव्यांग आयुक्तालय आहे. शिक्षण हक्क कायद्याखालच्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात. त्या समितीत दिव्यांग मुलाची आई असेल तर उतारापासून शौचालयापर्यंत विषय निघतात. वैयक्तिक शिक्षण आराखडा समग्र शिक्षाच्या विशेष शिक्षकांकडून केला जातो. पण पालकांच्या सहीशिवाय तो लागू होणार नाही, फेटाळलेल्या मागणीचं कारण लेखी द्यावंच लागेल, असं कलम आपल्या कायद्यात नाही. ते यायला हवं. तोवर आराखड्याची प्रत मागणं, त्यावर तारीख घालून आपलं म्हणणं लिहून देणं आणि पोच घेणं, हे कुठल्याही तालुक्यात करता येतं, आणि पोच घेतलेल्या कागदाला वजन असतं.

त्या दिवशी आजींचं बोलणं संपल्यावर स्पीच थेरपिस्ट उठून टेबलाच्या या बाजूला आल्या. तिसऱ्या पानावरची ती ओळ त्यांनी पेननं खोडली आणि घरी तो जे जे शब्द बोलतो ते सांगा म्हणाल्या. आजी सांगत गेल्या, मी सांगत गेले, त्या इंग्रजी अक्षरांत उतरवत गेल्या: पाणी, दे, नको, शू, बास, भुर्र, ये, पोळी. नंतर एकेक म्हणून पाहू लागल्या.

"पानी," त्या म्हणाल्या.

"पानी नाही. पाणी," आजी म्हणाल्या. "जीभ वर, अशी मागं. णी."

तिसऱ्या खेपेला जमलं. वर्गशिक्षिकेनंही म्हणून पाहिलं, मग समाजसेविकेनं. घरातली भाषा या रकान्यातलं ‘हिंदी’ खोडून ‘मराठी’ झालं. वाचेची तपासणी मराठी जाणणाऱ्या तज्ज्ञाच्या मदतीनं पुन्हा व्हावी ही मागणी आईनं तिथल्या तिथे लिहून दिली, तारीख घातली, प्रत मागून घेतली.

मसुदा तिनं पिशवीत ठेवला. सही नऊ दिवसांनी झाली, चोवीस पानांवर.